विसणाचं पाणी

४ मार्च १९९६

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा रोजनिशी बंद केली होती. आज पुन्हा सुरू करते आहे, कारण या घरात माझ्याशी बोलायच्या लायकीचं कुणी उरलेलं नाही. मुलगा प्रसाद वाशीच्या ऑफिसातून येतो आणि टीव्हीपुढे बसतो. सूनबाई सुचिता आठव्या महिन्याचं पोट घेऊन अशा चालतात, जणू यापूर्वी जगात कुणाला मूल झालंच नव्हतं.

आज जिन्याखालच्या फळ्यावर श्यामसुंदरने सूचना लावली. हा आमच्या अमृतवेल सोसायटीचा सेक्रेटरी. मिशीला रोज तेल घालतो, पंपाला वर्षात एकदाही नाही. इमारतीत काही जणांना कावीळ झाल्याचे आढळले आहे, सर्वांनी पाणी उकळून प्यावे, टाकीचे काम यथावकाश हाती घेण्यात येईल, अशी सूचना. यथावकाश म्हणे. जमिनीखालची टाकी गटाराला खेटून आहे आणि तिला तडा गेलाय, हे मी गिरगाव सोडून इथे कोपरखैरण्यात राहायला आले त्याच आठवड्यात त्याला दाखवलं होतं. तेव्हा म्हणाला, "काकू, प्लॅनमध्येच तसंय ना. आपण काय करणार?" प्लॅनमध्ये असलं की गटार बिचारं सभ्यपणे वागतं, अशी त्याची समजूत आहे.

मी चौथीला आरोग्यशास्त्र शिकवत असे. 'पाणी गाळून व उकळून प्यावे' हे वाक्य किती पोरांनी माझ्यासमोर वहीत उतरवलं असेल त्याची गणती नाही. त्यांतलाच एखादा पुढे टाक्या बांधायला गेला असणार.

५ मार्च

आजपासून पाणी उकळायला घेतलं. पिण्याचं पाणी या घरात मी भरते, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पहाटे अंघोळ करायची, तांब्याचं पिंप चिंचेने लख्ख घासायचं, नळ आला की तोंडाला दुहेरी फडकं बांधून भरायचं. आता त्यातलं मोठं पातेलंभर पाणी गॅसवर खळखळ उकळलं, खाली उतरवून पिंपातल्या गार पाण्याचं विसण घातलं, माठात ओतलं, वर झाकण आणि झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. माठात कुणाचा हात बुडायचा प्रश्नच नाही.

वरच्या मजल्यावरची गीतांजली बादलीत तुरटी फिरवते आणि त्याला शुद्ध पाणी म्हणते. पाणी निवळ दिसतं म्हणून तिला बरं वाटतं. सुचितालाही परवा मी पेला थेट माठात बुडवताना पकडलं. बोटं पार पाण्यात. "अगं, ओगराळं कशासाठी आहे?" म्हटलं, तर "सॉरी आई, विसरले." बी.कॉम. झालीय म्हणे.

९ मार्च

सेक्टरमधल्या डॉक्टरीणबाईंकडे सुचिताला तपासायला नेलं. तिचं सगळं ठीक आहे. पण बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की या दिवसांत कावीळ झाली तर आईच्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवावर बेतू शकतं, पाण्याची फार काळजी घ्या. सुचिताचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "त्याची चिंता नको, आमच्याकडे पाणी उकळूनच असतं." बाई म्हणाल्या, "छान. असंच हवं."

घरी येतो तो दारात विहीणबाई. गोजराबाई तळवलीहून रिक्षा करून आल्या होत्या, पिशवीत चार नारळ. यांची शेतं शहरात गेली, त्या पैशाचं तीन मजली घर उठलं. घराला गुलाबी रंग, ग्रिलला सोनेरी, दारात मारुती गाडी आणि गाडीच्या सावलीला कोंबड्या.

"पोरीला नेते मी आता," म्हणाल्या. "पयलं बालंतपन म्हायेरी, रीत हाय."

रीत मलाही ठाऊक आहे. पण माहेर माहेरासारखं असेल तर. म्हटलं, "गोजराबाई, साथ चालू आहे. तुमच्याकडे विहिरीचं पाणी. इथे मी स्वतः लक्ष घालतेय."

"विहिरीचं कुटलं आता, नल आलाय. आन आमीबी उकलतोच की."

मी हसले फक्त. ज्या घरात मासळी धुतलेले हात पदराला पुसतात तिथे पाणी उकळतात म्हणे. बाळंतपण इथेच होईल असं मी सांगून टाकलं.  सुचिता आईला सोडायला खाली गेली ती बऱ्याच वेळाने वर आली.

१४ मार्च

आज सूनबाईंनी मला पाणी शिकवलं.

मी पातेलं उतरवून त्यात विसण घालत होते. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, उकळल्यावर त्यात कच्चं पाणी नका ना घालू."

"कच्चं पाणी?"

"म्हणजे पिंपातलं. न उकळलेलं."

"पाणी काय भेंडी आहे, कच्चं आणि शिजलेलं असायला?"

"पण मग उकळलं कशाला, आई? जंतू परत त्यात जातातच ना."

जंतू. मी जंतूंचा धडा शिकवत होते तेव्हा हिच्या गावच्या शाळेला छप्पर नव्हतं. तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. पिंपातलं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं असतं. ते कढत पाण्यात पडलं की त्यात काही असलंच तर तिथेच मरतं. शिवाय गरम पाणी ओतलं तर माठ तडकतो, आणि प्रसादला आठ वाजता बाटली भरून हवी असते, ती काय फुंकर मारून गार करू? उकळलेल्या पाण्याला चव नसते, विसणाने त्यात जीव येतो. पुस्तकात गाळून आणि उकळून लिहिलंय. विसण घालू नये असं एक अक्षर त्यात नाही.

ती गप्प बसली. या मुलीचं गप्प बसणं मला आवडत नाही. उत्तर आवडलं नाही की ती असं गप्प बसते.

एक कारण मात्र तिला सांगितलं नाही, ते इथे लिहिते. आमच्यात कढत पाण्यात विसण घातल्याशिवाय ते जित्या माणसाच्या पुढे ठेवत नाहीत. बिनविसणाचं पाणी एकाच प्रसंगी वापरतात, आणि तो प्रसंग दोन जिवांच्या बाईसमोर तोंडातून काढू नये. मला आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. ते अंघोळीच्या पाण्याचं झालं, पिण्याच्या पाण्याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. पाणी ते पाणी. घरात बाळ यायचं आहे, मी असलं काही होऊ देणार नाही.

२० मार्च, पाडवा

गुढी उभारली. दुपारी सुचिताचा धाकटा भाऊ कुंदन आला, तुर्भ्याच्या कारखान्यात असतो. स्कूटरला दुधाची मोठी स्टीलची किटली लटकावलेली. "ताईसाठी ताक," म्हणाला आणि थेट तिच्या खोलीत नेऊन ठेवली. ताक स्वयंपाकघरात ठेवायचं असतं एवढंही या लोकांना कळत नाही.

गॅलरीतली तुळस पिवळी पडतेय. इथली मातीच तशी, खाडीत भराव टाकून काढलेली. गिरगावच्या खिडकीत डालड्याच्या डब्यात याहून चांगली तुळस होती.

२६ मार्च

तुळशीची पानं गळायला लागली. कुंडीत पाणी साचून चिखल झालाय. मी सकाळी एक तांब्या घालते, बस्स. कुठून येतं हे पाणी, कळत नाही.

पोपट नावाचा मुलगा खालच्या मजल्यावर आहे, त्याला कावीळ झाली. त्याच्या आईला विचारलं, पाणी उकळता का? म्हणे, "कुठे वेळ मिळतो, काकू?" टीव्हीवरच्या मालिका बघायला मिळतो.

कुंदन पुन्हा येऊन गेला. एक किटली ठेवतो, एक नेतो. इतकं ताक कोण पितं? आणि ताकाला सुनेच्या कपाटात जागा? मला संशय वेगळाच आहे. या घरात मासळी आणायची नाही हे लग्नाच्या वेळीच ठरलं होतं. आठव्या महिन्यात डोहाळे होणारच, सुकटीचे होणार हेही उघड आहे. प्रसादला म्हटलं, तर म्हणतो, "आई, टेन्शन नको घेऊ. खाऊ दे की." तो सासुरवाडीला जाऊन काय खातो हे मला ठाऊक नाही असं त्याला वाटतं.

३१ मार्च, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहिणार.

सुचिता अंघोळीला गेली तेव्हा मी तिचं कपाट उघडलं. घर माझं आहे, कपाटही माझ्या लग्नातलं. साड्यांच्या मागे किटली. नाकाला पदर लावून झाकण काढलं.

पाणी होतं.

वास घेतला. बोट बुडवून बघितलं. नुसतं स्वच्छ पाणी.

सुकट निघाली असती तर बरं झालं असतं. मी चार शब्द बोलले असते, तिने चार अश्रू काढले असते आणि विषय संपला असता. ती बाहेर आली तेव्हा मी किटली घेऊन तिथेच उभी होते.

"हे काय आहे?"

"पाणी," ती म्हणाली. घाबरली, पण खोटं बोलली नाही.

"कुठलं?"

"तळवलीचं. आईनं उकळून पाठवलेलं."

"या घरात तुला पाणी मिळत नाही?"

"मिळतं. पण तुम्ही विसण घालता, आई. मी एकदा सांगितलं तुम्हाला. मला भीती वाटते." तिचा हात पोटावर होता. "माझ्यासाठी नाही हो वाटत."

"आणि मी रोज तुझ्या हातात पेला देते, त्याचं काय करतेस?"

तिची नजर गॅलरीकडे गेली. माझीही गेली. पहाटे उठून, अंघोळ करून, पिंप घासून, गाळून, उकळून मी जे पाणी हिच्या हातात देत होते, ते ही रोज कुंडीत ओतत होती. मला आयुष्यात इतकं हिणवल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. शाळेतल्या हेडबाईंनीही कधी असं केलं नाही.

प्रसाद मध्ये आला. "अगं, दोघीही जरा थांबा ना," एवढंच येतं त्याला. मी माठातलं ओगराळंभर पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. म्हटलं, "पी." त्याने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने मान हलवून नको म्हटलं, मी बघितलं. तो प्यायला. थेंबही ठेवला नाही.

मी किटली मोरीत उपडी केली.

संध्याकाळी सुचिता तळवलीला गेली, कुंदन रिक्षा घेऊन आला होता. जाताना वाकून नमस्कार केला. नवव्या महिन्यात वाकू नये हेही तिला कुणी शिकवलेलं नाही. प्रसाद खाली रिक्षापर्यंत गेला आणि रिक्षा गेल्यावरही तिथेच उभा राहिला. वर येऊन म्हणाला, "बाळंतपण होईपर्यंत राहू दे तिला तिकडे." मी म्हटलं, मी कुठे अडवलंय?

४ एप्रिल

घर शांत आहे. माठ दिवसभरात अर्धासुद्धा संपत नाही. शेजारणीला सांगितलं, रीतीप्रमाणे माहेरी पाठवलीय. गीतांजली म्हणाली, "बरं केलंत, इथे साथच आहे ना." तुरटीवालीने मला साथीबद्दल सांगावं.

तुळशीला नवी पानं फुटलीत. माझ्या पाण्याने ती पिवळी पडली होती असं कुणी म्हणू नये. तिला पाणी जास्त झालं होतं, इतकंच.

१२ एप्रिल

प्रसादला ताप. जेवण नको म्हणतो, मळमळतं म्हणतो. बायकोच्या विरहाचा ताप असतो हे मी ऐकून होते, घरात पाहिला नव्हता.

१५ एप्रिल

डोळे पिवळे झाले. मी खिडकीपाशी नेऊन खालची पापणी ओढून बघितली, दोनदा.

हे ऑफिसखालच्या गाडीवरचं. रोज वडापाव, वर तो रंगीत सरबताचा ग्लास. किती वेळा सांगितलं. या शहरात जो तो हातगाडीवर जगतो आणि मग पाण्याला नावं ठेवतो. रडत बसायला वेळ नाही, त्याला मुगाचं पाणी द्यायचं आहे.

१६ एप्रिल

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. कावीळच. विश्रांती, पथ्य, रक्त तपासणी. मग विचारलं, "तुम्ही पाणी उकळताय ना?"

म्हटलं, "गाळून आणि उकळून."

"कमाल आहे. मग बाहेरच काही खाल्लं असेल. सुचिता कशी आहे?"

"माहेरी आहे. तिकडे बरी आहे म्हणतात."

"बरं झालं ती इथे नाही."

हे मात्र मीही म्हणते.

विसणाचं बोलले नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. डॉक्टरला उठून घरातल्या सगळ्या रीती कशाला सांगायच्या? त्या जिना उतरत होत्या तेव्हा एकदा हाक मारावीशी वाटली. का वाटली, ठाऊक नाही. नाही मारली.

१७ एप्रिल

प्रसादने पाणी मागितलं. माठातून घेतलं आणि पेला हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी मोरीत ओतलं आणि त्याला नारळ फोडून दिला. आजाऱ्याला नारळपाणी चांगलं असतं, दुसरं काही नाही.

२० एप्रिल

कुंदन आला. दारातच थांबला, चप्पल काढली नाही. पुढे तीच किटली.

"काकी, ताईनं सांगितलंय, भावोजींना ह्याच पान्यातलं द्या. मी एक दिवसाआड आनीन."

माझ्या घरात माझ्या मुलाला पाणी पाठवतात. परत पाठवणार होते. पण तो पोरगा पाळी संपवून उन्हातून आला होता, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि मी गेल्या खेपेला याच किटलीचं मोरीत काय केलं ते त्याला नक्की ठाऊक असणार. तरी आला. परत पाठवणं बरं दिसलं नसतं, म्हणून ठेवून घेतली. प्रसादला त्यातलं दिलं. तो डोळे मिटून प्यायला आणि म्हणाला, "सुचिताकडचं?" कसं ओळखलं कुणास ठाऊक. पाण्याला कसलाच वास नव्हता.

मीही एक पेला प्यायले, खात्री करायला. पाणी ठीक आहे.

२९ एप्रिल

मुलगी झाली. काल दुपारी, वाशीच्या दवाखान्यात. गीतांजलीकडे फोन आला, ती धावत जिना उतरली. दोघी सुखरूप. सुचिताला कावीळ नाही, बाळाला नाही.

प्रसाद अंथरुणात उठून बसला, त्याचे पिवळे डोळे भरून आले. मी देवापुढे साखर ठेवली. मुलगी तर मुलगी. रंग आईवर गेला नसला म्हणजे झालं.

त्याला अजून जायची परवानगी नाही. मी एकटी गेले असते, पण कुठल्या तोंडाने, असं मनात आलं. नंतर म्हटलं, तोंडाला काय झालंय माझ्या? तरी गेले नाही.

१९ मे, रविवार

प्रसादला हिंडायची परवानगी मिळाली. तळवलीला जाऊन आलो.

गुलाबी घर जवळून आणखी गुलाबी आहे. पंख्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. गोजराबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, मग तांब्या आणि पेला पुढे केला. मे महिन्याची दुपार आणि पाणी कोमट. माझ्या तोंडून सहज गेलं, "जरा विसण घाला हो यात."

 कुंदन छताकडे बघायला लागला. गोजराबाईंनी लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "विसन नाय घालीत आमी, विहीनबाय. पोरीनं बजावलंय. आत्ताच उतरवलंय ते, निवायचं हाय. थांबाल जरा?"

मला कुणी टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं. पण ती बाई सरळ विचारत होती. मी कोमटच प्यायले.

सुचिताने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. नाक प्रसादचं आहे, रंगाचं मी बघायलाच विसरले. बाळाने माझं बोट धरलं, ते सोडेना. मला रडू आलं. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय.

म्हटलं, "सव्वा महिना झाला की न्यायला येऊ."

सुचिता म्हणाली, "येईन, आई. मला माझ्या घरी यायचंच आहे. पण पाणी तिथं तसंच असेल, तर बाळाला घेऊन नाही येणार मी."

"तसंच म्हणजे कसं?"

"तुम्हाला माहीत आहे."

आवाज चढवला नाही, डोळे खाली केले नाहीत. प्रसाद म्हणाला, "आई, आपण डॉक्टरांना विचारू या का एकदा?" मी म्हटलं, "काही गरज नाही." इतक्या जोरात म्हटलं की बाळ दचकलं.

२४ मे

जमिनीखालच्या टाकीचं काम सुरू झालं. श्यामसुंदर खुर्ची टाकून देखरेख करतोय, म्हणजे मजुरांनी खणायचं आणि याने चहा प्यायचा. टाकी उपसली तेव्हा तड्यातून काळं पाणी आत झिरपताना स्पष्ट दिसलं. सगळी बिल्डिंग नाक धरून बघायला जमली. "बघा काकू, तुम्ही म्हणाला होता तेच निघालं," श्यामसुंदर म्हणाला.  हेच पाणी पिंपात येत होतं. फडकं दुहेरी होतं, पण फडकं ते फडकं.

घरी येऊन पिंप आतून घासलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग जुना माठ फोडून टाकला. त्याला बारीक चीर गेल्यासारखी वाटत होती.

४ जून

उद्या सुचिता आणि बाळ येणार. नवा माठ आणला, भिजवून ठेवला होता. दुपारी पातेलंभर पाणी उकळलं, खाली उतरवलं, वर स्वच्छ ताटली ठेवली आणि समोर पाट घेऊन बसले. पाणी गार होताना बघत बसण्याइतकं कंटाळवाणं काम जगात नाही. वाफ ताटलीला धरते, थेंब होऊन खाली पडते. आईची फार आठवण आली. मनातल्या मनात तिला सांगितलं, की घरात लहान मूल आहे, तू समजून घे.

प्रसाद ऑफिसातून आला, घामाने निथळत. "पाणी दे ना."

"थांब. गार होतंय."

"अगं, मग विसण घाल थोडं."

"गार होतंय म्हटलं ना."

तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला. पातेल्याकडे बघितलं, पाटावर बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मग आत येऊन माझ्या शेजारी फरशीवर बसला. आजारातून उठल्यापासून वाळलाय फार.

मी सांगितलं, की नव्या माठाला सुरुवातीला गरम-गार सोसत नाही. कुणी विचारलं तर हेच सांगणार आहे.

५ जून

आली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं. गोजराबाई बरोबर होत्या, कुंदन सामान घेऊन. या खेपेला किटल्या दोन. 

सुचिता बसली. मी आत गेले. माठातलं पाणी रात्रीच गार झालं होतं, पण सकाळी उकळलेलं पातेलं ओट्यावर होतं, त्यातलंच घेतलं. ओगराळ्याने पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

ती लगेच प्यायली नाही. पेला तळहातांत धरून राहिली. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि पाणी कोमट होतं. गोजराबाई लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. प्रसाद बाळाकडे बघत होता, म्हणजे बघितल्यासारखं करत होता. मी पदराने ओगराळं पुसत होते, ते आधीच पुसलेलं होतं.

मग तिने पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायली. रिकामा पेला माझ्यापुढे केला.

"अजून द्या ना, आई."

उन्हातून आली होती, तहान लागणारच. त्यात विशेष काही नाही. मी पेला पुन्हा भरून आणला. कुंदनला दोन्ही किटल्या परत न्यायला सांगितल्या, तर सुचिता म्हणाली, "एक राहू दे, दूध आणायला होईल." राहू दे म्हटलं.